आधी माप, मग फोटो: इंटिरियरच्या कामासाठी सॉफ्टवेअर कसं निवडावं

बेळगावजवळच्या खानापुरातल्या एका स्वयंपाकघराचं काम होतं. घर फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारकाकांचं. ओट्याच्या टोकाला, भिंत आणि उंच कपाट यांच्यामध्ये फ्रीजसाठी मी ३० इंचांची जागा सोडली होती. थ्रीडीत तो फ्रीज इतका छान दिसत होता की काकूंनी ते चित्र फोनच्या स्क्रीनवर लावून ठेवलं. कपाट उभं राहिलं, सनमायका चिकटला, आणि मग फ्रीज घरात आला. मेस्त्रीमामांनी टेप लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “आक्का, बसंना झालाय की ह्यो.” फ्रीज दोन उभ्या दारांचा, रुंदी ३६ इंच. माझ्या चित्रातला नेटवरून उतरवलेला, २७ इंचांचा. काकांनी फ्रीज काम सुरू होण्याआधीच ठरवला होता, मीच त्याचं माप विचारलं नव्हतं. कपाट उचकटून नव्यानं बांधलं. प्लाय आणि मजुरी माझ्या खिशातून गेली.

इंटिरियर शिकणारी मुलंमुली मला विचारतात, “ताई, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? रेंडर कशात भारी येतो?” तेव्हा मी आधी ही फ्रीजची गोष्ट सांगते. कारण प्रश्नाची सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. रेंडर, म्हणजे संगणकातल्या मॉडेलवरून काढलेलं फोटोसारखं चित्र, सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधी माप येतं, मापाच्या आधी टेप येते.

माझे वडील सुतार. वडगावात त्यांचा छोटा कारखाना होता आणि मी शाळेतून आले की रंध्याच्या भुश्यात बसून गृहपाठ करायचे. आज माझं काम बेळगावच्या टिळकवाडी-हिंदवाडीतले फ्लॅट, शहापुरातली जुनी घरं, निपाणी-खानापूरकडचे बंगले आणि अधूनमधून चोर्ला घाट उतरून गोव्यातलं एखादं घर, असं चालतं. त्यामुळे सॉफ्टवेअरकडे मी कारखान्याच्या दारातून बघते. माझं ड्रॉइंग ज्याच्या हातात जाणार तो माणूस मराठी असेल, कानडी असेल, राजस्थानातून आलेला असेल. आकडा मात्र तिघांनाही वाचता येतो.

तुमच्या कामातून बाहेर काय पडायला हवं?

निवड करण्याआधी एका कागदावर लिहा: माझ्या हातून शेवटी काय काय जातं? माझ्या बाबतीत तीन गोष्टी जातात. घरमालकाला चित्र, मेस्त्रींना मापाचं ड्रॉइंग, आणि प्लाय कापायची यादी. तिन्ही गोष्टी एकाच सॉफ्टवेअरमधून उत्तम निघणं अवघड असतं, आणि बहुतेक जण पहिल्या गोष्टीवरच भाळून सॉफ्टवेअर घेतात.

तुम्ही फक्त व्ह्यू काढून देणार असाल, म्हणजे दुसऱ्या डिझायनरची ड्रॉइंग घेऊन चित्रं बनवून द्यायचा धंदा असेल, तर गणित वेगळं. तेव्हा रेंडरचा दर्जाच तुमचा माल. पण घर तुम्ही स्वतः उभं करणार असाल तर माप सांभाळणारं सॉफ्टवेअर आधी, हे मी ठासून सांगते.

माप सांभाळणं म्हणजे काय, ते एका ड्रॉवरवरून दाखवते. समजा १८ इंच रुंदीचं खालचं कपाट आहे. नवा माणूस कपाटाची बाजू म्हणून एक नुसतं पातळ पान उभं करतो, जाडी देत नाही, आणि अंदाजानं ड्रॉवर १७ इंचांचा काढतो. आता खरा हिशोब बघा. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. दोन्ही बाजूंचा प्लाय १८ मिमीचा, म्हणून ३६ गेले, राहिले ४२१. आतून ०.८ मिमीचा लायनर, म्हणजे पातळ सनमायका, दोन्हीकडे लावला तर राहिले साधारण ४१९.५. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकायची पट्टी, प्रत्येक बाजूला अर्धा इंच खातं, म्हणजे आणखी २५.४ गेले. उरले ३९४ मिमी, म्हणजे जेमतेम साडेपंधरा इंच. १७ आणि साडेपंधरा! चित्रात दीड इंच कुणाला दिसत नाही, पण कापलेला प्लाय परत जोडता येत नाही. शिवाय मेस्त्री सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणून पाऊण इंच म्हणजे सहा सूत. ‘सहा सुती प्लाय’ असं ते १८ मिमीलाच म्हणतात, खरं पाऊण इंच १९ मिमी होतात. एका फळीत एक मिमी काहीच नाही. सात फुटांच्या कपाटात आठ आडव्या फळ्या आल्या की तोच एक मिमी आठ होतो, आणि शटर, म्हणजे कपाटाचं दार, घासायला लागतं.

म्हणून सॉफ्टवेअर बघताना पहिली चाचणी ही: प्रत्येक फळी तिच्या खऱ्या जाडीसह वेगळी काढता येते का, आणि एक फळी बदलली की तिच्यासारख्या बाकीच्या आपोआप बदलतात का?

मॉडेलिंग

या कसोटीवर आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते स्केचअप, आणि मीही रोजचं काम त्यातच करते. सपाट आकृती काढायची, ती ओढून उभी करायची, आकडा टाइप करायचा, झालं. माझ्या वडिलांना वयाच्या साठीनंतर मी यात स्टूल काढायला शिकवलं, त्यांना अर्धा तास लागला. हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये गूगलनं घेतलं आणि २०१२ मध्ये ट्रिंबल कंपनीकडे गेलं. गूगलच्या काळात ते फुकट मिळायचं, ती आठवण अजून लोकांच्या डोक्यात आहे. म्हणून नीट वाचा: ब्राउझरमध्ये चालणारं मोफत स्केचअप हे फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे. जुनं ‘मेक २०१७’ कुणाच्या पेनड्राइव्हवर असेल तर तेही धंद्यासाठी नाही. गिऱ्हाइकाचे पैसे घेणार असाल तर वर्षाची वर्गणी भरावी लागते. २०२० च्या शेवटी कायमचा परवाना विकणं त्यांनी थांबवलं.

पैसे भरताना कोणता प्लॅन घ्यायचा, इथे बरेच जण चुकतात. मला प्रो लागतं, त्याचं कारण दोन गोष्टी. एक, त्याच्यासोबत येणारं लेआउट. मॉडेलमधून कागदावर मापाचं ड्रॉइंग त्यातच निघतं. दुसरी, बाहेरची जोडसाधनं घालता येतात. त्यांपैकी ओपनकटलिस्ट नावाचं एक मोफत साधन आहे, ते माझ्या मते प्रत्येक फर्निचर करणाऱ्याकडे असायलाच हवं. तुम्ही प्रत्येक फळी वेगळा कंपोनंट, म्हणजे सुटा तुकडा, म्हणून काढली असेल तर ते ८ बाय ४ फुटांच्या किती शीट लागतील, कुठली फळी कुठल्या शीटमधून निघेल, करवतीच्या पात्याची जाडी धरून, सगळं मांडून देतं. ती यादी मी दोन प्रती छापते. एक मेस्त्रीमामांना, एक प्लायच्या दुकानात. मोफत ब्राउझर आवृत्तीत हे चालत नाही.

स्केचअपची एक खोड सांगते, नाहीतर नवा माणूस दुसऱ्याच दिवशी वैतागतो. एकमेकांना टेकलेल्या मोकळ्या रेषा चिकटून जातात. भिंतीला लागून कपाट काढलं आणि कपाट हलवलं की भिंतही ओढली जाते. फळी काढली की लगेच तिचा ग्रुप किंवा कंपोनंट करायचा, ही सवय पहिल्या तासातच लावा. शटर कंपोनंट असेल तर एकाचं हँडल वर सरकवलं की आठही शटरांचं सरकतं.

पैसे अजिबात नसतील तर ब्लेंडर. हे खरोखर मोफत आहे, धंद्यासाठीसुद्धा. याची गोष्ट मला फार आवडते: नेदरलँडमधली मूळ कंपनी बंद पडली तेव्हा २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो गोळा केले आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१९ मध्ये २.८० आवृत्ती आली आणि त्याचा पडदा नव्या माणसाला समजेल असा झाला. रेंडर त्याच्यातच आहे, आणि उत्तम आहे. पण मापाचं ड्रॉइंग कागदावर काढायला ब्लेंडर सोयीचं नाही. जोडसाधनांनी मापं दाखवता येतात, तरी लेआउटसारखं सुबक पान निघत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला मी सांगितलं होतं: मॉडेल आणि चित्र ब्लेंडरमध्ये कर, आणि मेस्त्रींसाठी भिंतीची उभी आकृती आलेखाच्या कागदावर हातानं काढ. पहिली दोन वर्षं तिनं तसंच केलं. हातानं काढताना ती माप पुन्हा एकदा तपासायची, त्यामुळे चुकाही कमी झाल्या.

फक्त खोलीची मांडणी दाखवायची असेल, सोफा इथे, पलंग तिथे, दार इकडे उघडेल, तर स्वीट होम थ्रीडी पुरतं. मोफत आहे, जुन्या संगणकावरही चालतं. फ्रीकॅडही मोफत आहे, २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. एक माप बदललं की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी मापं बदलतात, हे त्याचं बळ. ज्यांना यंत्राच्या ड्रॉइंगची सवय आहे त्यांना ते जमतं. उद्यमबागेतल्या कारखान्यात काम केलेला कुणी या धंद्यात आला तर त्याला मी आधी हेच दाखवेन. रेव्हिट मोठ्या इमारतींसाठी, आर्किटेक्टबरोबर काम असेल तरच. थ्रीडीएस मॅक्स पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर शिका. ते फक्त विंडोजवर चालतं, आणि एका घराच्या कपाटासाठी ते फार जड आहे. रेव्हिट आणि मॅक्स दोन्ही ऑटोडेस्क कंपनीची. विद्यार्थी असाल तर तिचा शैक्षणिक परवाना मोफत मिळतो, त्यावर शिकता येतं, गिऱ्हाइकाचं काम करता येत नाही.

क्रॅकबद्दल, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वापरलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, बोलायलाच हवं. मी जिथे शिकले तिथे प्रत्येक संगणकावर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मीही तीच सीडी घरी आणली. एका रात्री त्यातून आलेल्या व्हायरसनं सगळ्या फायलींची नावं बदलली, उघडेनात. निपाणीच्या एका बंगल्याचं चार महिन्यांचं काम त्यात होतं. मापं वहीत होती म्हणून घर वाचलं, पण चित्रं पुन्हा काढावी लागली. त्या दिवसापासून माझ्या संगणकावर एकही चोरीचं सॉफ्टवेअर नाही. मोफत आणि चांगलं इतकं आज उपलब्ध आहे की चोरी करायचं कारणच उरलेलं नाही.

रेंडर

रेंडर करायच्या दोन जाती आहेत, एवढं समजलं की जाहिराती वाचताना गोंधळ होत नाही. एक जात प्रकाशाचा प्रवास मोजते. दिव्यातून किरण निघाला, भिंतीवर आपटला, छताकडे गेला, फरशीवर आला, असं हजारो वेळा. ब्लेंडरमधलं सायकल्स, व्ही-रे, कोरोना या जातीची. वेळ लागतो, पण कोव्ह लाइटचा, म्हणजे छताच्या कडेत लपवलेल्या दिव्याचा, उजेड पीओपीच्या कडेनं कसा विरत जातो ते खरं दिसतं. दुसरी जात व्हिडिओ गेमसारखी, चित्र डोळ्यांसमोर ताबडतोब तयार होतं. एन्स्केप, लुमियन, ट्विनमोशन, डी५ रेंडर आणि ब्लेंडरमधलं ईव्ही इथे येतात. आता यांतली बरीच सॉफ्टवेअर दोन्ही जाती एकत्र वापरतात.

छोट्या डिझायनरला मी दुसऱ्या जातीपासून सुरुवात करायला सांगते, कारण आमच्या गावातली गिऱ्हाइकं समोर बसून बदल सुचवतात. “हा सनमायका नको, तो अक्रोडाचा लावून बघा की.” त्यांच्यासमोर रंग बदलला आणि पाच सेकंदांत दिसला, तर बैठक तिथेच संपते. नाहीतर तीन फेऱ्या होतात. ट्विनमोशन २०२४ पासून वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना मोफत आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांना. स्केचअपची फाइल ते थेट घेतं. डी५ ची मोफत आवृत्तीही आहे, तिच्यात तयार फर्निचरचं सगळं भांडार मात्र उघडत नाही. एन्स्केप स्केचअपच्या आतच चालतं, फाइल इकडून तिकडे न्यावी लागत नाही. पैसे भरायची ऐपत आली की माझी पसंती त्यालाच.

व्ही-रे आणि कोरोना यांची चित्रं अप्रतिम येतात. पण मला विचाराल तर वर्षाला चार मोठी कामं नसतील तोवर त्यांच्या वाटेला जाऊ नका. साधा हिशोब करा: वर्गणीचा आकडा घ्या, वर्षात खरोखर पैसे देणारी किती कामं झाली त्यानं भागा. वर्गणी ४०,००० रुपये आणि कामं ५ असतील तर प्रत्येक कामावर ८,००० चढले. ते तुमच्या फीमध्ये दिसतात का?

ऑनलाइन, ब्राउझरमध्ये चालणारी कूहोम, प्लॅनर ५डी यांसारखी साधनं आहेत. रेंडर त्यांच्या सर्व्हरवर होतो, म्हणून साधा लॅपटॉप चालतो. पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला साइटवर गेलं की रेंज मिळेलच असं नाही, आणि मॉडेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर असणं मला मानवत नाही. आणि आता एक नवी टूम: नुसता फोटो टाकला की एआय खोली सजवून देतो. मी दोनदा करून बघितलं. सुंदर चित्र आलं, पण त्यात खिडकी सहा इंच सरकली होती आणि बीम गायब होता. गिऱ्हाइकाची आवड ओळखायला, पहिल्या बैठकीत, ठीक. त्यावरून काम करायचं नाही.

रंग आणि ऊन

ह्या दोन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवते, कारण तक्रारी इथूनच येतात.

रंग आधी. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स नावाची रंगरचना मुळातच लावलेली असते. तीव्र उजेड ती नैसर्गिक दाखवते, पण भडक रंग जरा फिके पडतात आणि पांढरी भिंत राखाडीकडे झुकते. पिस्ता रंगाचा सनमायका एकदा इतका मवाळ दिसला की प्रत्यक्षात शटर लागल्यावर घरातल्या आजी म्हणाल्या, “हे एवढं हिरवं कुठं होतं?” रंग जुळवून बघायचा असेल तेव्हा कलर मॅनेजमेंटमध्ये ‘स्टँडर्ड’ निवडून एक वेगळं चित्र काढा. तरीही फोनच्या पडद्यावर रंग ठरवू देऊ नका. प्रत्येकाच्या फोनचा रंग वेगळा, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की दाबून लहान होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शेवटचा रंग सनमायकाचा तुकडा हातात घेऊन, त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली ठरवायचा. सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचं केल्व्हिन टाकता येतं का तेही बघा. ३००० चा पिवळसर उजेड आणि ६५०० चा पांढरा ट्यूबलाइट यांत तोच क्रीम रंग दोन वेगळ्या घरांतला वाटतो.

आता ऊन. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. स्केचअपच्या कोऱ्या फाइलमध्ये मुळात अमेरिकेतलं बोल्डर गाव धरलेलं असतं, ४० अंशांवरचं. याचा परिणाम केवढा होतो बघा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड ७ फुटांवर असेल आणि छज्जा नसेल तर ऊन सुमारे पावणेसहा फूट आत येतं. बोल्डरला त्याच वेळी सूर्य २६-२७ अंशांवर, ऊन १४ फूट आत. तुमच्या चित्रात पलंगावर सोनेरी ऊन पडलेलं दिसेल, आणि घरात ते कधीच येणार नाही. उलट मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा ‘उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही’ हे सरसकट खरं नाही. सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण आणि उत्तर दिशा दोन्ही टाकता येतात का, हे निवडतानाच तपासा. हिंदवाडीतल्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीचं पॅनेल चकचकीत घेणार होते. संध्याकाळी पाचचं ऊन लावून बघितलं तर पश्चिमेची अख्खी खिडकी पॅनेलमध्ये चमकत होती. मॅट घेतलं.

मशीन आणि लाइट

१६ जीबी रॅम, आणि ग्राफिक कार्डवर स्वतःची ६ ते ८ जीबी मेमरी. त्यापेक्षा कमी असेल तर ताबडतोब दिसणाऱ्या रेंडरच्या वाटेला जाऊ नका, ब्लेंडरचं सायकल्स प्रोसेसरवर रात्रभर चालवा. कार्डची मेमरी कशानं भरते ते माहीत असू द्या: ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र, उलगडलं की सुमारे ६४ एमबी घेतं. अशी ५० वापरली की ३.२ जीबी संपले. कोपऱ्यातल्या कुंडीला २०४८ चं, म्हणजे १६ एमबीचं टेक्स्चर दिलं तर कुणाला फरक कळत नाही. नेटवरून उतरवलेली झाडं, पडदे, उशा हे सगळ्यात जड असतात, त्यातली निम्मी काढून टाका.

पावसाळ्यात लाइट जाते. यूपीएस घ्या. आणि घरातून फिरवून दाखवणारा व्हिडिओ बनवत असाल तर थेट व्हिडिओ म्हणून रेंडर करू नका. एकेक चित्र म्हणून पीएनजीत साठवा आणि शेवटी जोडा. ३०० पैकी १८० चित्रं झाल्यावर लाइट गेली तर १८१ पासून पुढे चालू करता येतं. व्हिडिओची अर्धवट फाइल बहुतेक वेळा उघडतसुद्धा नाही.

निवडायची खरी पद्धत

कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी चाचणीची मुदत मिळते. ती यूट्यूबवरचे धडे बघण्यात घालवू नका. स्वतःच्या घरातली एक खोली घ्या, शक्यतो जुनी. शहापुरातल्या जुन्या घरांतली एकही भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. माझ्या मावशीच्या माजघराची एक बाजू १० फूट २ इंच आहे आणि समोरची १० फूट ५. चारही भिंती मोजा, दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर खोली तिरकी आहे. ती तशीच तिरकी सॉफ्टवेअरमध्ये काढून बघा. जे सॉफ्टवेअर सगळं काटकोनात ओढायला लागतं आणि तिरकी भिंत काढू देत नाही, ते आपल्या गावच्या कामाचं नाही.

मग त्या खोलीत एक कपाट, फळी-फळीनं. घरात असलेलाच फ्रीज किंवा टीव्ही, टेपनं मोजून, साध्या खोक्याच्या रूपात. हा नियम मी फ्रीजच्या प्रकरणानंतर केला आणि आजवर मोडलेला नाही: विकत आणायची प्रत्येक वस्तू आधी खोका म्हणून खऱ्या मापानं मॉडेलमध्ये बसते, तिचं दार पूर्ण उघडलेलं काढते, आणि मगच त्या खोक्याच्या जागी नेटवरचं देखणं मॉडेल येतं, खोक्याच्या मापात बसवून.

खिडकीतून सकाळी नऊचं ऊन लावा. एक रेंडर काढा. त्याच कोपऱ्यातून, त्याच वेळी, फोननं खऱ्या खोलीचा फोटो काढा आणि शेजारी ठेवा. सावली तिथेच पडली का? फरशी तेवढीच काळपट दिसते का? शहाबादी फरशीचं टेक्स्चर सहसा फार चकचकीत येतं. खरी फरशी वापरून मऊ झालेली असते, चकाकी कमी करा. प्रत्येक टप्प्याला किती वेळ गेला तो वहीत लिहा. दोन सॉफ्टवेअरमध्ये हेच करायला दोन शनिवार-रविवार लागतील. कुणाच्या सल्ल्यापेक्षा, माझ्यासुद्धा, त्या वहीतले आकडे जास्त कामाचे.

आणि शेवटची चाचणी कारखान्यात. त्या कपाटाचं ड्रॉइंग ए३ कागदावर छापा आणि एखाद्या मेस्त्रींना द्या. तोंडानं काही सांगू नका. त्यांनी किती प्रश्न विचारले ते मोजा. माझं पहिलं लेआउटचं पान मामांकडे गेलं तेव्हा त्यांनी अकरा प्रश्न विचारले होते: मापं मिमीत होती, अक्षर बारीक होतं, कुठून कुठपर्यंत तेच कळत नव्हतं. आता मी इंच आणि मिमी दोन्ही लिहिते, प्रत्येक भिंतीचं वेगळं पान करते, शटर कुठल्या बाजूला उघडतं ते तिरक्या रेषांनी दाखवते, आणि कानात पेन्सिल खोवलेला माणूस हातभर अंतरावरून वाचेल एवढा मोठा आकडा ठेवते. गेल्या महिन्यात खानापूरला त्याच सुभेदारकाकांच्या मुलीच्या घराचं काम सुरू झालं. मामांनी पान बघितलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि एकच विचारलं, “फ्रीज कितीचा?” पानावर कोपऱ्यात लिहिलं होतं. त्यांनी तरीही दुकानात फोन लावून माप खात्री करून घेतलं, आणि मग करवत चालू केली.